मी थेंबाच्या बाजूने होते

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाला मी गेली बावीस वर्षं एकच पाठ म्हणून दाखवते. डोळ्यात ड्रॉप टाकायचा असेल तर आधी लेन्स काढा, ड्रॉप टाका, पंधरा मिनिटं थांबा, मगच लेन्स लावा. माझी मुलगी लहानपणी दवाखाना-दवाखाना खेळताना बाहुलीलाही हेच बजावायची. पाठ बरोबर आहे, आजही मी तो म्हणते. पण त्याच्या आडोशाने माझ्या डोक्यात एक मत घट्ट बसलं होतं. औषधाचं खातं वेगळं, लेन्सचं खातं वेगळं. आणि ही दोन एकत्र करू पाहणारे एकतर प्रयोगशाळेच्या बाहेर न पडलेले, नाहीतर काहीतरी विकायला निघालेले. हे मत मी एकदा भर सभेत मांडलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. म्हणून ते सोडल्याचंही चारचौघांत सांगायला हवं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सांगलीकडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. नंबर काढणं, लेन्स बसवणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं, काचबिंदूच्या पेशंटच्या नजरेचं फील्ड तपासणं ही माझी कामं. औषध डॉक्टर लिहितात. ते घरी नीट घातलं जातंय का, हे विचारणं माझ्याकडे. म्हणजे रागावण्याचं काम माझ्याकडे.

ती सभा पुण्यात होती, आमच्याच क्षेत्रातल्या लोकांची. वक्त्याने पडद्यावर एक लेन्स दाखवली. मधोमध पारदर्शक, कडेने औषध भरलेलं कडं. काचबिंदूचं औषध त्यातून हळूहळू सुटतं, म्हणून थेंबांची कटकट नको, असा सूर होता. प्रश्नोत्तरांत मी उठले आणि म्हणाले, "सर, सत्तरीच्या ज्या आजोबांना डोळ्यात थेंब टाकता येत नाही, ते लेन्स कशी लावणार?" सभागृह हसलं. वक्ता काहीतरी बोलला, पण तोवर चहाची वेळ झाली होती. चहाच्या टेबलाजवळ दोघातिघांनी पाठ थोपटली.

प्रश्न खोटा नव्हता. अजूनही त्याचं पुरतं उत्तर कोणाकडे नाही. पण मी तो उत्तरासाठी विचारलाच नव्हता, विषयाला कुलूप घालायला विचारला होता. थेंब ठीक आहे, माणसं निष्काळजी आहेत, असं माझं साधं गणित होतं. बाटली महिन्याला संपली नाही म्हणजे औषध घातलं नाही; महिन्याच्या आत संपली म्हणजे सांडलं. दोन्ही वेळा चूक पेशंटची. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका दर तीन महिन्यांनी यायचे आणि दर वेळी त्यांचं प्रेशर वरच. त्यांना मी एकदा बायकोसमोर म्हणाले होते, "हजार माणसांना सुट्टे पैसे दिलेत, एक थेंब नीट टाकता येत नाही?" ते हसले होते. फाइलवर मी लिहिलं, 'औषध घालत नाही.'

मत एका झटक्यात बदललं नाही. पहिला ओरखडा उमटला तो माझ्याच एका चुकीने.

कॉलेजची एक मुलगी डोळा टोचतोय म्हणून आली होती. बुबुळावर ओरखडा आहे का बघायला आम्ही फ्लुरेसिनची पट्टी लावतो. नारिंगी कागदाची पट्टी, ओली करून डोळ्याला टेकवली की रंग पसरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. घाईत मी लेन्स काढलीय का ते विचारलंच नाही. स्लिट लॅम्पमध्ये पाहिलं तर अख्खं बुबुळ हिरवंगार. ओरखडा नव्हता, लेन्स होती. लेन्सने सगळा रंग पिऊन टाकला होता. तिची माफी मागितली, तिला नवी जोडी दिली आणि ती पिवळीधमक लेन्स कचऱ्यात टाकता टाकता थांबले.

लेन्स-केसच्या एका खाचेत सलाईन ओतलं, लेन्स त्यात सोडली. अर्ध्या तासाने पाहते तर पाणी निळ्या दिव्याखाली झळझळतंय. पाणी बदललं. पुढच्या अर्ध्या तासाचं पाणी जरा फिकं. असं पेशंटच्या मधल्या वेळांत संध्याकाळपर्यंत चाललं होतं. साडेसातला दवाखाना बंद करताना पाण्यात हिरवेपणा शोधावा लागत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेन्स जवळजवळ नेहमीसारखी. जे प्यायली ते तिने परत दिलं होतं, पण बहुतेक सगळं पहिल्या तास-दोन तासांत.

या एका खाचेत त्या विषयाचं आमिषही होतं आणि अडचणही. मऊ लेन्स म्हणजे हायड्रोजेल, पाणी धरून ठेवणारं प्लास्टिक. सुकलेली लेन्स हाताळलेल्यांना माहीत असेल, पापडासारखी कडक होते, दाबली तर कडकन मोडते. पाण्यात घातली की साबुदाण्यासारखी फुगून मऊ. पाण्याबरोबर पाण्यातलं सगळं आत शिरतं, औषधसुद्धा. म्हणून तर आम्ही लेन्स काढायला सांगतो, कारण बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्हही ती शोषते आणि दिवसभर बुबुळावर सोडत बसते. ज्या गुणाची मी बावीस वर्षं भीती घातली, तोच गुण कोणीतरी कामाला लावू पाहत होतं. एवढं साधं माझ्या लक्षात यायला एक वाया गेलेली लेन्स लागली.

मग मी वाचायला लागले, आणि पहिली लाज वाटली ती या कल्पनेचं वय कळल्यावर. मी तिला कंपन्यांची नवी टूम समजत होते. मऊ लेन्सचा जनक ओटो विख्टर्ले हा प्रागचा रसायनशास्त्रज्ञ. 1958 मध्ये राजकीय साफसफाईत त्याची प्राध्यापकी गेली. 1960 मध्ये त्याने आणि द्राहोस्लाव लिमने 'नेचर'मध्ये या जेलवर लेख लिहिला. त्यात रोख नुसत्या चष्म्याच्या नंबरावर नव्हता, शरीरात वापरता येतील अशा जेलवर होता. 1961च्या नाताळात त्याने घरी, मुलांच्या मेर्कुर या खेळण्यातल्या पट्ट्या-चाकं जोडून आणि सायकलचा डायनामो लावून एक यंत्र केलं. फिरत्या साच्यात द्रव ओतून त्यावर पहिल्या चार लेन्स काढल्या. आणि 1965 मध्ये, म्हणजे अमेरिकेत मऊ लेन्सला सरकारी मान्यता मिळायच्याही सहा वर्षं आधी, चेकोस्लोव्हाकियातल्याच एका नेत्रतज्ज्ञाने अशा लेन्समधून होमॅट्रोपिन डोळ्यात सोडण्याची शक्यता लिहून ठेवली होती. होमॅट्रोपिन म्हणजे आम्ही बाहुली मोठी करायला घालतो तेच औषध. ज्याला मी 'नवीन फॅड' म्हणत होते ते माझ्यापेक्षा वयाने मोठं निघालं.

तरीही वाचून मत बदलतं असं मला वाटत नाही. माझं बदललं ते आईमुळे.

आईला काचबिंदू आहे. रात्री लॅटानोप्रॉस्ट, सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल. न उघडलेली लॅटानोप्रॉस्टची बाटली आमच्या फ्रिजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी असते. आई सातारला भावाकडे असायची तेव्हा मी फोनवर विचारायचे, "ड्रॉप घातलास?" ती म्हणायची, "घातला गं." विषय संपला. मग ती माझ्याकडे राहायला आली आणि एका रात्री मी दारात उभी राहून पाहिलं. तिला माहीत नव्हतं मी पाहतेय ते.

पलंगाच्या कडेला बसून तिने मान मागे टाकली. डाव्या हाताने खालची पापणी ओढली. उजव्या हातातली बाटली डोळ्यावर आणली आणि दाबायला गेली तशी पापणी मिटली. पहिला थेंब भुवईच्या खाली पडला. दुसरा नाकाच्या बाजूने ओघळला. तिसरा डोळ्यात गेला, आणि लगेच तिने दोन-तीनदा डोळा जोरात मिचकावला, जणू तो बाहेर काढायचाय. मग पदराने गाल, हनुवटी पुसली, दुसऱ्या डोळ्याची हीच कवायत केली आणि आवंढा गिळून तोंड वाकडं केलं. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून घशात उतरतो. चव लागते ती त्याची.

ती 'घातला' म्हणायची ते खोटं नव्हतं. ती रोज घालत होती.

पुढचं सांगायला मला अजून जड जातं. त्या हिवाळ्यात तिला उठताना चक्कर यायला लागली. नाडी पन्नाशीच्या आसपास. फिजिशियननी गोळ्यांची यादी मागितली, मी सगळी सांगितली, अगदी कॅल्शियमसुद्धा. ड्रॉप सांगितले नाहीत. आईनेही नाही, तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, डोळ्यात घालायचं पाणी. पण माझं काय? टिमोलॉल नाकाच्या अस्तरातून रक्तात जातं, यकृताकडे न वळता, आणि हृदयाचे ठोके मंद करतं. दम्याच्या माणसाचा श्वासही आवळू शकतं. हे मी दुसऱ्यांच्या आयांना विचारत असते. 'दमा आहे का, नाडी मंद आहे का' हे आमच्या फॉर्मवर छापलेलं आहे. स्वतःच्या घरात मात्र थेंब मला इतका निरुपद्रवी वाटत होता, की तो यादीत धरायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फ्रिजचं दार उघडताना सुचलं. डॉक्टरांनी टिमोलॉल बदललं, चक्कर थांबली.

त्यानंतर मी थेंबाचा हिशेब कागदावर मांडला. बाटलीतून निघणारा एक थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा. डोळ्यातले नेहमीचे अश्रू फार तर 7 ते 10 मायक्रोलिटर, आणि पापणीच्या खोबणीत कितीही भरलं तरी तिसाच्या आसपास मावतं. म्हणजे नेम अगदी बरोबर लागला तरी थेंबाचा काही भाग गालावर जाणारच. जे उरतं ते पापण्यांची उघडझाप काही मिनिटांत धुऊन काढते. आतपर्यंत पोचतं ते शेकड्याला पाचाच्याही खाली. दुधाचा रतीब घालणारा शंभरातलं पंच्याण्णव लिटर रस्त्यात सांडायला लागला तर आपण त्याला ठेवू का? मी मात्र गिऱ्हाइकालाच पातेलं नीट धरत नाही म्हणून बोलत होते.

लेन्सवाल्यांचा मुद्दा इथे येतो. लेन्स आणि बुबुळ यांच्यामध्ये अश्रूंचा अगदी पातळ थर असतो आणि तो सहजासहजी बदलत नाही. थेंब दोन-पाच मिनिटांत वाहून जातो, पण लेन्सच्या मागे सुटलेलं औषध अर्धा तास तरी बुबुळाला टेकून राहतं. थोडं औषध, योग्य जागी, जास्त वेळ. आणि नाकात कमी.

पण माझ्या त्या पिवळ्या लेन्सने दाखवलेली अडचण कुठे जात नाही. लेन्स जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड. इतक्या पातळ थरातून बारीक रेणू तास-दोन तासांत निसटतात. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट मिळेल, पण जाड लेन्सखाली बुबुळ गुदमरतं, कारण बुबुळाला रक्तवाहिन्या नाहीत, प्राणवायू ते थेट हवेतून घेतं. म्हणून लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. फ्लोरिडा विद्यापीठात अनुज चौहान यांच्या गटाने लेन्समध्ये ई जीवनसत्त्व मुरवलं. त्याचे बारीक अडथळे आत तयार होतात आणि औषधाला वळसे घालत बाहेर यावं लागतं. मंडईच्या बोळात हातगाड्या आडव्या लावल्या की आपल्याला जसं जावं लागतं तसं. बॉस्टनच्या जोसेफ सिओलिनो आणि डॅनिएल कोहान यांनी लॅटानोप्रॉस्ट, जखम शिवायच्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या पॉलिमरमध्ये घालून त्याचं कडं लेन्सच्या पोटात बसवलं. पुण्यात पडद्यावर पाहून जिला मी हसले होते ती ही लेन्स. सशांच्या डोळ्यांत तिने महिनाभर औषध सोडलं, आणि 2016 मध्ये काचबिंदू असलेल्या माकडांवरच्या प्रयोगात तिने प्रेशर थेंबांइतकं, जास्त मात्रेच्या लेन्सने तर थेंबांपेक्षाही जास्त, खाली आणलं. मोजकी माकडं, हे खरं. पण हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला आता आठवत नाही.

आणि एक लेन्स प्रत्यक्ष आली, मात्र काचबिंदूची नव्हे, खाजेची. अ‍ॅलर्जीने डोळे खाजणाऱ्यांसाठी केटोटिफेन भरलेली रोज बदलायची अ‍ॅक्युव्ह्यू लेन्स. 2021 मध्ये जपानने तिला मान्यता दिली, 2022 मध्ये अमेरिकेने. एका लेन्समध्ये 19 मायक्रोग्रॅम औषध. चेक लेखापासून मोजलं तर छप्पन्न वर्षं गेली, आणि पहिला मान कोणाला, तर खाजेला! सुरुवातीला मला हे हास्यास्पद वाटलं. नंतर कळलं, की शहाणपण त्यातच आहे. काही तासांत औषध संपलं तर चालतं, कारण रात्री लेन्स फेकायचीच असते. लेन्सचं प्लास्टिक ऋण भाराचं, औषध धन भाराचं, त्यामुळे ते आत आपसूक धरलं जातं. आणि माणसं अशी निवडलेली, की जी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून लेन्स लावतातच. माझा पुण्यातला प्रश्न या लोकांना लागूच होत नव्हता.

आईला मात्र लागू होतो. तिचा हात थरथरतो, तिला लेन्स लावता येणार नाही. मी लावून दिली आणि आठवडाभर तशीच ठेवली तर? इथे माझ्यातली जुनी बाई पुन्हा जागी होते, आणि तिला मी गप्प करणार नाही. रात्री लेन्स डोळ्यात ठेवून झोपणं म्हणजे काय, हे आम्ही पाहिलेलं आहे. 1989च्या एका अमेरिकी अभ्यासात, रोज काढणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांमागे चारेक जणांना बुबुळाचा जंतुसंसर्ग झाला, तर रात्रभर ठेवणाऱ्यांत वीसेक जणांना. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात उसाचं पातं लागून बुबुळाला बुरशी धरलेली माणसं येतात. तासातासाला नॅटामायसिनचा थेंब, रात्रीसुद्धा, बाटली हलवून. खोपटात राहणारा, पहाटे फडावर जाणारा माणूस हे कसं करणार, असं वाटतं, आणि हे औषध लेन्समधून द्यायचे प्रयोगही प्रयोगशाळेत झालेत. पण जंतू असलेल्या डोळ्यावर लेन्स चढवायची म्हटलं की माझा हात आजही मागे येतो. या बाबतीत माझं मत बदललेलं नाही, बदलावं असं वाटतही नाही.

बदललं ते दुसऱ्या खोलीतलं. कुपवाडच्या एमआयडीसीतून ग्राइंडिंग करताना डोळ्यात कण उडालेली पोरं येतात. डॉक्टर कण काढतात, जखम मोठी असली तर वर बँडेज लेन्स ठेवतात, आणि मी त्या पोराला सांगते, "लेन्स काढायची नाही, वरूनच अँटिबायोटिक ड्रॉप टाकायचे." लेन्स थोडं औषध पिते, थोडं सोडते, जखम भरते. वर्षानुवर्षं मी हे करत होते. एका खोलीत 'लेन्सवर औषध कधीच नाही', दुसऱ्या खोलीत 'लेन्सवरूनच औषध'. या दोन खोल्यांमध्ये एक भिंत आणि एक कॅलेंडर आहे. पुण्यात टाळ्या घेताना ती दुसरी खोली मला आठवली नव्हती.

आता आई रात्री आडवी पडते, ड्रॉप मी घालते. डोळा मिटून ठेवायचा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात बोटाने दोन मिनिटं दाबायचं, म्हणजे नलिका बंद राहते आणि औषध नाकात कमी उतरतं. जाहिराती लागल्या की दाबायचं, मालिका सुरू झाली की सोडायचं, असं आमचं घड्याळ. मध्ये एकदा तिने विचारलं, "तुझी ती औषधाची लेन्स आली का गं?" मी म्हटलं, "खाजेची आली, तुझी नाही." ती म्हणाली, "मला खाज नाही."

दवाखान्यात मी फक्त एक गोष्ट बदलली. प्रेशर वर आलेल्या माणसाला आता काही विचारत नाही. साध्या अश्रूंच्या ड्रॉपची बाटली हातात देते आणि म्हणते, "घालून दाखवा." मार्चमध्ये कंडक्टर काका आले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मान मागे टाकली. पहिला थेंब पापणीच्या केसांवर पडला. दुसरा कपाळावर. तिसरा गेला. "रोज असंच," ते म्हणाले, "कधी चौथ्याला." शेजारी बसलेल्या काकूंनी पर्समधून रुमाल काढून त्यांचं कपाळ पुसलं, सवयीने, बोलता बोलता.

त्यांची फाइल काढली. 'औषध घालत नाही' हे माझं अक्षर, चार वेळा, चार तारखांना. त्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'घालतात. हात थरथरतो. यापुढे सून घालेल, रात्री नऊ वाजता, आडवं झोपवून.'